शिरगणती आणि गांवचा रस्ता

योसेफ व मरीया हीं नासरेथाहून बेथलेहेमास गेलीं तीं नांवनोंदणीसाठीं, हें आमच्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या काळीं मोजून घेण्यासाठीं माणसांस वाट तुडवावी लागली. आतां मोजणाराच घरीं येतो. तरी वाट आणि मोजणी यांचा संबंध तुटलेला नाहीं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं घरें लहान गांवांत व वाड्यांत असल्यामुळें तो संबंध येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या देशांत पहिली शिरगणती १८७२ सालीं झाली, व सर्वत्र एकाच वेळीं झालेली पहिली १८८१ सालीं. २०११ च्या गणनेंत सुमारें ६ लक्ष ४० हजार गांवें नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं ४० हजारांहून अधिक गांवांत एकही मनुष्य राहत नव्हता. अशा गांवास आपल्याकडील दप्तरांत 'बेचिराग' म्हणतात. शिवार आहे, नांव आहे, दिवा मात्र लागत नाहीं.

वस्ती असलेल्या प्रत्येक गांवापुढें लोकसंख्येबरोबर शाळा, दवाखाना, मोटारबस, आगगाडी यांची नोंद असते. सोय गांवांत नसल्यास ती किती दूर आहे हें एका अक्षरानें दाखवितात: ५ किलोमीटरांच्या आंत एक अक्षर, ५ ते १० पर्यंत दुसरें, त्यापलीकडे तिसरें. अक्षर कोरडें आहे खरें. परंतु अडलेल्या बाळंतिणीस किंवा सातवी संपलेल्या मुलीस त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं.

आतां रस्त्याकडे वळूं. १९४३ च्या नागपूर येथील योजनेंत, चांगल्या शेतीच्या मुलखांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षां दूर असूं नये, असें ठरलें होतें. तेथें माप अंतराचें होतें. २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें अंतराबरोबर माणसांचेंही माप लाविलें: सपाटीवर ५०० माणसांची वस्ती, डोंगराळ व आदिवासी भागांत २५० ची. आधार २००१ च्या शिरगणतीचा. जवळच्या, म्हणजे ५०० मीटरांच्या आंतील, वाड्यांची संख्या एकत्र धरण्याची मुभा होती. परंतु सपाटीवरील ४९० माणसांच्या एकाकी वाडीनें काय करावें? पैसा मोजका असतां कोठें तरी रेघ ओढावी लागते, हें आम्हांस मान्य आहे. मात्र रस्ता नाहीं म्हणून तरुण माणसें जातात, आणि तीं गेलीं म्हणून संख्या उणी पडते, असें हें चक्र आहे. रस्ता झाला म्हणजे सर्व थांबतात असेंही नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ झाली. आणि मधल्या काळांत कोंकणांतून आगगाडी धांवत होतीच. मुंबईची ओढ कांहीं निराळीच!

याहून नाजूक गोष्ट मोजणीच्या वेळेची आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत चालली. त्या वीस दिवसांत जो घरीं मुळींच नव्हता, त्याची नोंद जेथें तो सांपडला तेथें व्हावयाची, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. बीडकडील हजारों कुटुंबें उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादम त्यांस कोयत्यांनीं मोजतो: नवराबायको मिळून एक कोयता. सरकार त्यांस माणशीं मोजतें, पण कारखान्याच्या पालांत. मागें वाडींत म्हातारीं माणसें व कांहीं मुलें, तेवढीच तिची संख्या.

सडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्यें मंजूर झाला. २०२१ ची शिरगणती ठरल्या वेळीं न झाल्यामुळें त्यालाही २०११ च्याच आंकड्यांचा आधार घ्यावा लागला. जून २०२५ मधील अधिसूचनेनें पुढील गणनेसाठीं देशाच्या बहुतेक भागांकरितां १ मार्च २०२७ ही तारीख नेमली. तीही गळिताच्या हंगामांतच पडते.