जग वाचवणारा नायक कोणावर प्रेम करतो?

विज्ञानकथेतला नायक जग वाचवतो. तो पुरुषावरही प्रेम करत असेल तर?

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत २००५ साली कॅप्टन जॅक हार्कनेस आला. तो एकावन्नाव्या शतकातला, स्त्री आणि पुरुष दोघांवरही प्रेम करणारा. २००६ मध्ये ‘टॉर्चवुड’ या नव्या मालिकेचा तो नायकच झाला. लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी त्याचे प्रेम ना चेष्टेचे केले, ना आजार ठरवले. जॅकच्या काळात ती साधी गोष्ट आहे. उद्याचे जग रंगवताना आजचे दंडक बाजूला ठेवता येतात, ही विज्ञानकथेची मोठीच सोय.

मराठीत हा विषय नाटक-कादंबरीतून आला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली (१९८१) सुमित्रा मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) भाऊ-बहीण एकाच तरुणात गुंततात. दोन्हीकडे प्रेम हाच पेच. जॅकपुढचा पेच वेगळा : पृथ्वी वाचेल का?

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. तरी मालिकेत बायकी पात्र आले की आमच्या अंबाजोगाईतही घर खदखदून हसते. त्याच घरातला एखादा मुलगा तेव्हा गप्प होतो.

उर्दू गझलेत प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद चालते. मी कवी, मला ते कधी खटकले नाही. कवितेला शतकानुशतके पचले ते मालिकेला का पचू नये? त्या मुलालाही जग वाचवणारा आपला नायक दिसू द्या.