विद्यार्थी शिरवाडकर ते कवी कुसुमाग्रज

नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात शिकत असताना वि. वा. शिरवाडकर (जन्म 1912) यांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात छापून येऊ लागल्या, आणि 1932 मध्ये काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांना देवदर्शनाचा हक्क मिळावा यासाठीच्या अहिंसक लढ्यात, विशीतला हा विद्यार्थी उतरला. 1933 चा ‘जीवनलहरी’ हा त्यांचा पहिला संग्रह. मात्र कुसुमाग्रज हे त्यांचे टोपणनाव महाराष्ट्रभर झाले ते 1942 च्या ‘विशाखा’ या संग्रहामुळे, जो लेखक वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रकाशात आणला.

मधल्या नऊ वर्षांत चित्रपट आणि वृत्तपत्रे यांत उमेदवारी झाली, पण खरी वाढ दिसते ती ‘विशाखा’तील नाट्यात्म एकभाषितांत, म्हणजे कवीऐवजी एखादे पात्रच बोलते अशा कवितांत: ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये दर्यावर्दी समुद्राला ललकारतो, तर ‘पृथ्वीचे प्रेमगीत’मध्ये पृथ्वी सूर्याशी बोलते. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची ही हातोटी पुढे त्यांच्या ‘नटसम्राट’ या नाटकापर्यंत पोचली, त्यामुळे त्यांच्यातला नाटककार आधी कवितेतच घडला, असे म्हणणे वावगे ठरू नये. लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या दोन कविता एकदा मोठ्याने वाचून पाहाव्यात.