क्लचचे तेलदाबी बेअरिंग व त्याचे मोजमाप

भोरहून महाडास जाणारा रस्ता वरंधा घाटाने कोकणात उतरतो. वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूने पुण्यास येणाऱ्या गाडीस पाबे घाट ओलांडावा लागतो. अशा वाटेवर चालकास वारंवार गिअर बदलावा लागतो, व भर पावसात, वळणावर, गिअर न पडल्यास गाडीतील मंडळींवर काय प्रसंग ओढवेल हे सांगावयास नको. असे होण्याचे एक कारण क्लचमधील एका लहानशा बेअरिंगात असते. त्याची परीक्षा कशी करितात, हे आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस, विशेषतः ज्यांच्या घरी जीप वा टेम्पो आहे त्यांस, उपयोगी पडेल.

इंजिन फिरत असताही चाके थांबविता यावीत म्हणून त्या दोहोंमध्ये क्लचची योजना असते. क्लच प्लेटीस फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी स्प्रिंग थाळीसारखी असून तिला मध्याकडे वळलेली पोलादी बोटे असतात. ही बोटे आत दाबिली की प्लेट मोकळी होते. परंतु बोटे तर इंजिनाबरोबर गरगर फिरतात, आणि त्यांस दाबणारा भाग फिरत नाही. सबब दोहोंमध्ये बेअरिंग घालणे प्राप्त होते. पूर्वी ते दांड्याने वा तारेने ढकलीत. पुष्कळ नव्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्याच्या आकाराचा सिलिंडर बसवून त्याच्याच तोंडाशी हे बेअरिंग जोडिलेले असते.

यामागील तत्त्व फ्रेंच गणितज्ञ पास्काल (१६२३–१६६२) याचे. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. पायाकडील पिस्टनचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर व बेअरिंगामागील पिस्टनचे ९ असेल, तर जोर तिप्पट होतो, पण सरकणे तिसऱ्या हिश्श्याने. वरचा पिस्टन २७ मिलिमीटर गेला तर बेअरिंग ९ मिलिमीटर पुढे येते. फुकट काहीच मिळत नाही!

आता मोजमापाकडे वळू. गिअरबॉक्स खाली उतरविल्यावर बेअरिंग मागे पूर्ण दाबून बसवावे. गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून, तेथून बेअरिंगच्या तोंडापर्यंतची खोली व्हर्निअरने घ्यावी. समजा, ती ५८ मिलिमीटर भरली. मग इंजिनाच्या जोडपृष्ठापासून स्प्रिंगची बोटे किती बाहेर आली आहेत ते पाहावे, समजा, ५४. वजाबाकी ४, हेच अंतर. जोडाच्या मध्ये पत्रा असून तो मापात आला नसेल, तर त्याची जाडी या अंतरात मिळवावी. एकाच जागी माप घेऊन समाधान मानू नये. तीन-चार ठिकाणी घ्यावे, म्हणजे बोटे समपातळीत आहेत की नाहीत हेही कळते.

हे अंतर कशास हवे? प्लेट झिजत जाते तशी बोटे गिअरबॉक्सकडे सरकतात, व तीही झिजेच्या काही पटींनी. मागे जागाच नसेल तर बेअरिंग बोटांस सदैव रेटून धरील, क्लच घसरू लागेल आणि चढावर इंजिन नुसते ओरडेल. उलट, अंतर फाजील झाले तर पिस्टन आपल्या मर्यादेबाहेर जाऊन सील सोडील व तेल गळेल. पिस्टनची एकंदर धाव १६ मिलिमीटर, अंतर ४ व क्लच सुटण्यास ९ असे धरल्यास १३ खर्ची पडून ३ शिल्लक राहतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल होत. खरे माप ज्या त्या कारखान्याच्या पुस्तकातूनच घ्यावे. काही गाड्यांत तर आतील हलकी स्प्रिंग बेअरिंगास बोटांशी सतत टेकवून ठेविते. तेथे मोकळे अंतर नसते, पण बेअरिंगास मागे सरण्यास पुरेशी जागा राहिली आहे ना, हे पाहावेच लागते.

ही दहा मिनिटांची मेहनत मिस्त्री टाळितो तेव्हा मालकास गिअरबॉक्स दोनदा उतरविण्याची मजुरी पडते.

गाडी न उघडताही पुष्कळ काही कळते. क्लच दाबिताच घरघर सुरू झाली तर संशय या बेअरिंगाचा. दाबिल्यावर ती थांबली तर बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगाचा. तेल कमी होते, पण बाहेरील नळी कोरडी, आणि गिअरबॉक्सच्या बुडाशी ओल दिसते, तर आतील सील गेले असे समजावे. पायाखाली क्लच स्पंजासारखा लागल्यास तेलात हवा शिरली आहे. हवा दाबली जाते, तेल तसे दाबले जात नाही, म्हणून पायाची चाल वाया जाते. अशा वेळी हवा काढावी. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषिते, यास्तव ते ठरलेल्या मुदतीस बदलावे. त्याऐवजी इंजिनाचे तेल ओतल्यास रबरी सील फुगून निकामी होते.

नवे बेअरिंग पेट्रोलाने धुऊ नये, आतील ग्रीस निघून जाते. तसेच गिअरबॉक्स जाग्यावर बसेपर्यंत क्लचवर कोणी पाय देऊ नये. समोर बोटांचा अडथळा नसल्याने पिस्टन सिलिंडराबाहेर पडतो.