दुःखाच्या गोष्टी मुलांना बाधतात का?

‘डॉक्टर, मुलांनी असल्या गोष्टी वाचाव्यात का हो?’ हा प्रश्न मला दवाखान्यात पुष्कळदा ऐकायला मिळतो. ‘असल्या’ म्हणजे ज्यांत आई मरते, मूल रानात हरवते, राक्षस माणसे खातो किंवा शेवट गोड होत नाही अशा. पालकांची काळजी खोटी नसते. मूल रात्री दचकून उठते, दिवा मालवू देत नाही, एकटे न्हाणीघरात जायला घाबरते. मग घरात पहिला संशय पुस्तकावर जातो आणि पुस्तक कपाटावर चढते.

खरे पाहता मुलांच्या गोष्टी पूर्वीपासून अशाच आहेत. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो आणि दोघेही ‘तुला खातो’ म्हणतात. भोपळ्याची मजा नंतरची. आधी भीतीच आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंचा कथासंग्रह १८१२ मध्ये निघाला. त्यात घरात खायला नाही म्हणून आईबाप पोरांना रानात सोडून येतात. आपल्याकडे साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाच्या शेवटी आई जाते, हे ठाऊक असूनही घरोघरी ते मुलांच्या हाती दिले गेले. या पुस्तकाने रडलेली मुले आजारी पडली, असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

मग कधी कधी पुस्तक वाचून मूल खरोखरच बिघडल्यासारखे का दिसते? एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गादीखालच्या काड्या

सातवीतल्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले. तीन आठवड्यांपासून तिला नीट झोप नव्हती, डबा अर्धा परत येत होता, वर्गात लक्ष नव्हते. पण ते घाबरले होते वेगळ्याच कारणाने. अंथरूण झटकताना आईला गादीखाली जळलेल्या काड्या सापडल्या होत्या. मोजल्या, तर सतरा भरल्या. सांगता सांगता आई रडू लागली. वडिलांनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवले. ‘हे वाचल्यापासून सुरू झालंय सगळं. शाळेच्या वाचनालयातलं आहे. मी मुख्याध्यापकांना जाब विचारणार आहे.’

पुस्तकात हान्स अँडरसनच्या गोष्टींची मराठी रूपांतरे होती. मुलीने वाचलेली गोष्ट काड्या विकणाऱ्या पोरीची. वर्षाची शेवटची रात्र, बर्फ पडतो आहे, पोर अनवाणी आहे. एकही काडी विकली गेलेली नाही, म्हणून बापाच्या माराच्या भीतीने ती घरी जात नाही. ऊब मिळावी म्हणून ती एकेक काडी ओढते. उजेडात तिला शेगडी दिसते, जेवणाचे ताट दिसते आणि शेवटी तिच्यावर माया करणारी, वारलेली आजी दिसते. आजी नाहीशी होऊ नये म्हणून ती सगळ्या काड्या एकदम पेटवते. सकाळी लोकांना ती थंडीने गारठून मेलेली आढळते.

गोष्ट आणि गादीखालच्या काड्या यांचा संबंध उघड होता. आईवडिलांच्या मनात जी शंका होती, ती त्यांच्या तोंडून बाहेर पडत नव्हती.

मी मुलीला तपासले. वजन थोडे घटले होते. रक्त तपासून घेतले, त्यात दोष नव्हता. मग तिची वाचनवही मागितली. त्या शाळेत बाईंनी मुलांना अशी वही घालायला सांगितली होती. पुस्तक वाचले की आपल्याला काय वाटले ते चार ओळींत लिहायचे. या एका गोष्टीवर मुलीने तीन वेळा लिहिले होते.

पहिल्यांदा लिहिले होते : ‘मला ही गोष्ट आवडली नाही. पण मी ती चार वेळा वाचली.’

आठ दिवसांनी : ‘रस्त्यावर एवढी माणसं होती. तू कोणाची, असं तिला एकानेसुद्धा का विचारलं नाही? मला लेखकाचा राग आला.’

आणखी काही दिवसांनी : ‘तिला काडीच्या उजेडात आजी दिसली. माझी आजी मला स्वप्नातसुद्धा दिसत नाही.’

खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि ‘छान, अक्षर सुधार’ असा शेरा होता. साठ वह्या तपासणाऱ्या बाईंना मी दोष देणार नाही. पण त्या तिसऱ्या नोंदीत निदान लिहिलेले होते.

‘आजी कधी गेल्या?’ मी विचारले. पाच महिन्यांपूर्वी, मोठ्या शहरातल्या रुग्णालयात. त्या वेळी मुलीला मामाकडे पाठवले होते. ‘लहान आहे, तिला कशाला दाखवायचं’ म्हणून तेरावे उरकल्यावरच परत आणले. तोपर्यंत आजीची खाट काढून ठेवली होती, लुगडी वाटून टाकली होती. ‘आजी देवाघरी गेली’ एवढेच तिला सांगितले. वडिलांना हुंदका येतो म्हणून घरात आजीचे नावच निघत नव्हते. जन्मापासून ही मुलगी आजीच्या कुशीत झोपत होती.

सरळ विचारावे

आईवडिलांना बाहेर बसवून मी मुलीशी बोललो. थोड्या इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर सरळ विचारले, ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’

हा प्रश्न विचारायला पालक कचरतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. शांतपणे, न रागावता विचारल्यास मनात तसा विचार असलेले मूल बहुधा मोकळे होते, आणि नसलेले मूल ‘नाही’ म्हणते.

ती म्हणाली, ‘नाही. मला आजीचा चेहरा आठवेनासा झालाय. काडीत काही दिसत नाही, ते मला माहीत आहे. पण काडी पेटली की मी आठवायला बसते.’

पुस्तकाने तिला आजारी पाडले नव्हते. घरात ज्याला दार नव्हते त्या दुःखाला पुस्तकाने दार दाखवले होते. अँडरसनलाही हे दुःख परके नव्हते. डेन्मार्कमधील ओडेन्से गावात १८०५ मध्ये एका गरीब चांभाराच्या घरी तो जन्मला. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. ही गोष्ट त्याने १८४५ मध्ये लिहिली.

उपचार साधेच होते. काडेपेटी व लायटर कुलपात ठेवायला सांगितले. दुःख खरे असले तरी जाळही खरा असतो. आजीचा फोटो मुलीला दिसेल अशा जागी लावायला सांगितला. आजीचे शेवटचे दिवस कसे गेले, काय आजार होता, ती मुलीची आठवण काढत होती का, हे वडिलांनी स्वतः सांगावे असे सुचवले. ‘मला रडू येईल,’ ते म्हणाले. ‘येऊ द्या. तिला कळेल की या घरात आजीसाठी रडायला परवानगी आहे.’ जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांचाही सल्ला घेतला. औषध द्यावे लागले नाही. दर आठवड्याला तिला बोलावत होतो. महिन्याभरात झोप सुधारली, डबा रिकामा येऊ लागला. पुस्तक घरीच राहिले. वाचनवहीत चौथी नोंद झाली : ‘मी शेवट बदलणार होते. पण मग आजी आली नसती. म्हणून तसाच ठेवला.’

सोबत करणारी भीती, धाक घालणारी भीती

म्हणून प्रत्येक भीतीदायक गोष्ट चांगली, असे समजू नये. भीतीभीतीत फरक आहे.

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान हे १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक शोधत होते. मनासारखे मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच वहीत चित्रे काढून पद्ये लिहिली. १८४५ मध्ये ते पुस्तक छापले गेले व जगभर गेले. पुढे हेच डॉक्टर तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो, सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो, काड्यांशी खेळणारी मुलगी जळून राख होते. लेखकाचा हेतू विनोदाचा असेल. मोठी मुले हसतीलही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला अतिशयोक्ती कळत नाही, त्याला कात्री खरी वाटते. शिवाय अंगठा मूल धीरासाठी चोखते. धाक वाढला की अंगठा जास्तच तोंडात जातो.

आपल्या घरांतला बागुलबुवा याच जातीचा. ‘जेव, नाहीतर पोलीस नेईल’, ‘झोप, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही वाक्ये मी रोज ऐकतो. अशा मुलाला खरोखर सुई द्यावी लागते तेव्हा त्याला तिघांनी धरावे लागते. गोष्टीतला वाघ मुलाच्या बाजूने उभे राहायला शिकवतो. बागुलबुवा मात्र आईच बोलावते, म्हणून मुलाला पळायला जागा उरत नाही.

वयाचे भान

पाच वर्षांखालील मुलाला मरण म्हणजे कायमचे जाणे हे उमगत नाही. गेलेला माणूस परत येईल असे त्याला वाटते. या वयात गोष्ट मांडीवर बसवून सांगावी आणि म्हातारी सुखरूप घरी पोचवावी. साधारण पाच ते दहा या वयात मरण सर्वांना आहे व परतीचे नाही, हे हळूहळू कळू लागते. तेव्हा प्रश्न वाढतात : ‘आई, तू मरशील का?’ ‘भलतंसलतं बोलू नकोस’ हे त्याचे उत्तर नव्हे. ‘सगळेच कधीतरी मरतात, पण मी खूप वर्षं तुझ्याबरोबर राहीन असं मला वाटतं’ हे उत्तर खरेही आहे आणि धीर देणारेही. दहा-बारानंतर मुले दुःखाच्या गोष्टी आपणहून शोधतात. मनातल्या भावनांची ती तालीम असते.

पालकांनी काय करावे?

१) पुस्तक हिसकावून घेऊ नये. लपवलेले पुस्तक मूल चोरून वाचते, आणि मग भीती बोलून दाखवायलाही कोणी उरत नाही.

२) ते पुस्तक आपणही वाचावे. मग विचारावे, ‘तुला यातलं कोण आवडलं? कुणाचा राग आला?’ तात्पर्य काढायची घाई करू नये.

३) एकच गोष्ट मूल पुन्हा पुन्हा वाचत असेल तर टोकू नये, त्यात काय शोधते आहे ते पाहावे. घरात मृत्यू, भांडण, आजारपण, बदली असे काही घडले आहे का, ते आठवावे.

४) भीतीची गोष्ट अगदी झोपेच्या तोंडावर नको. संध्याकाळी वाचावी, मग जेवण, गप्पा, नंतर झोप. मोबाइलवरची भीतीदायक चित्रफीत आणि पुस्तक यांना एकच माप लावू नये. पुस्तकातला राक्षस मूल आपल्याला सोसेल एवढाच मोठा करते. पडद्यावरचा राक्षस दुसऱ्याने मोठा केलेला असतो.

५) वाईट स्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडते. मूल जागे होते व स्वप्न सांगू शकते. त्याला जवळ घ्यावे, ऐकून घ्यावे. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठणारे, आईलाही न ओळखणारे व सकाळी काहीच न आठवणारे मूल असेल तर तो वेगळा प्रकार आहे. त्याला हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे. वाढत्या वयाबरोबर तो सहसा जातो.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

झोपेची किंवा खाण्याची तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकली. वजन घटू लागले. अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा करू लागले. शाळेच्या वेळेला रोज पोट दुखू लागले. मूल मित्रांत मिसळेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जावे. मरणाची भाषा, स्वतःला चटके देणे, कापून घेणे असे काही दिसल्यास एक दिवसही थांबू नये. मुलाला एकटे सोडू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतूनही बोलता येते.

आणि शाळेतील गुरुजनांना एक विनंती. वाचनवह्या तपासताना अक्षराकडे पाहाच. पण एखाद्या मुलाने एकाच गोष्टीवर तीन-तीनदा लिहिले असेल, तर त्याला मधल्या सुट्टीत जरा बाजूला बोलावून विचारा. पाच मिनिटे पुरतात.