बाहेरचा पाऊस, आतला घाम

मृग लागण्याच्या सुमारास बाजारपेठेतील दुकानांच्या दर्शनी भागात रेनकोटांच्या ज्या माळा लटकू लागतात, त्यांत अलीकडे स्त्रियांसाठी म्हणून निराळे काढलेले हलके जॅकेट हटकून आढळते, आणि त्याच्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘वॉटरप्रूफ’, ‘ब्रीदेबल’ व ‘लाइटवेट’ ही तीन विशेषणे अशा निःशंकपणे शेजारीशेजारी छापलेली असतात, की जणू त्यांचे परस्परांशी कधी वाकडे नव्हतेच. वस्तुस्थिती अशी, की पाण्याला दार बंद करणारे कापड घामाच्या वाफेलाही सहसा वाट देत नाही, आणि दोहोंची सोय पाहणारे कापड वजनाला फार हलके केले की सॅकच्या पट्ट्याखाली लौकर झिजते. या तिघांत समेट घडवण्याचा खटाटोप दोनशे वर्षे चालला आहे. तो आपल्या पावसापुरता कोठवर साधला आहे हे ठाऊक नसेल, तर गिऱ्हाइकाची सारी मदार दुकानदाराच्या ‘मॅडम, एक थेंब आत यायचा नाही’ या ग्वाहीवर राहते.

चार्ल्स मॅकिन्टॉश या ग्लासगोच्या रसायनज्ञाने, कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून त्याचा लेप दोन कापडांच्या मध्ये देण्याच्या कृतीचे पेटंट 1823 साली घेतले. त्याचे कोट थंडीत ताठरत आणि उन्हात चिकट होत. रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती सापडल्यावर ही पीडा टळली, परंतु आतला माणूस घामाने भिजतो ही मूळ तक्रार कायम राहिली. आपल्या देशात सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 साली बंगालमध्ये जलाभेद्य कापडाचा उद्योग सुरू केला, आणि त्यातून निघालेल्या ‘डकबॅक’ रेनकोटात शाळेला गेलेल्या मंडळींना तो उकाडा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ एका झटक्यात ताणून पाहिला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली: पाण्याच्या थेंबाच्या मानाने अत्यंत लहान, वाफेच्या रेणूच्या मानाने ऐसपैस. 1976 पासून ‘गोर-टेक्स’ या नावाने हे पटल बाजारात आले, आणि श्वास घेणाऱ्या कापडाची भाषा तेव्हापासून रूढ झाली.

परंतु छिद्र आहे एवढ्याने वाफ बाहेर पडत नाही. ती पडण्यासाठी आतल्या हवेतील बाष्पाचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच अधिक असावा लागतो. जॅकेटाच्या आतली घामट हवा 30 अंश सेल्सियसची धरली तर तिच्यातील बाष्पाचा दाब सुमारे 4.2 किलोपास्कल भरतो. स्कॉटलंडच्या डोंगरात 5 अंशांच्या गार पावसात बाहेरचा दाब 0.9 च्याही आत असतो, म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारी तफावत सव्वातीनांहून अधिक. आता तेच जॅकेट जुलैत राजमाचीच्या वाटेवर आणले, जेथे हवा 25 अंशांची आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांची असते, तर बाहेरचाच दाब 2.8 च्या पुढे जातो आणि तफावत जेमतेम 1.4 उरते. जे पटल परदेशी गिर्यारोहकाला कोरडे ठेवते, तेच सह्याद्रीत निम्म्याहून कमी काम करते. त्यात त्याचा दोष नाही. ते ज्या हवेसाठी घडवले ती हवा आपली नव्हे. सबब, आपल्या पावसाळ्यासाठी जॅकेट निवडताना पटलाच्या नावापोटी दामदुप्पट मोजण्यापेक्षा ज्या मार्गाने हवा प्रत्यक्ष खेळते त्या मार्गांकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काखेखाली उघडणारी चेन, आत जाळी लावलेले खिसे, वरून आणि खालूनही उघडणारी पुढची चेन, आणि अंगापासून किंचित सुटा राहणारा घेर, हे ते मार्ग होत. काखेतली चेन उघडी ठेवून चढणारीच्या पाठीला जो गारवा लागतो, तो भारी पटलाच्या बंद जॅकेटात येथे मिळत नाही.

कोकणातल्या भातलावणीच्या इरल्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवलेले ते आवरण डोक्यावरून पाठीवर उतरते, वाकलेल्या बाईचे दोन्ही हात चिखलात मोकळे ठेवते, आणि पुढची बाजू पूर्ण उघडी असल्यामुळे आत घाम साचूच देत नाही. ते घालून लोकलमध्ये शिरता येत नाही, हा भाग वेगळा.

चिठ्ठीवरील आकड्यांचा उलगडा थोडक्यात करतो. ‘10,000 मिलिमीटर’ याचा पर्जन्यमानाशी संबंध नाही. अन्यथा महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच-सहा हजारांच्या घरात, तेव्हा हे जॅकेट दीड-दोन वर्षे चालेल, असा हिशेब कोणी मांडावयाचा. कापडावर पाण्याचा दाब वाढवीत नेला असता ते कोठे पाझरू लागते, हे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगण्याची ती रीत आहे. आकाशातून पडणाऱ्या थेंबाचा दाब फारसा नसतो. खरा दाब पडतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, ओल्या सीटवर बसताना आणि वेगात चाललेल्या दुचाकीवर छातीवर. त्यासाठी दहा हजार पुरे. वीस हजारांचा आग्रह धरू नये. वजन साधारण 200 ते 350 ग्रॅमच्या दरम्यान असावे. त्याखालची जॅकेटे पिशवीच्या कोपऱ्यात मावतात खरी, पण करवंदीच्या एका जाळीतून निभावत नाहीत.

आकड्यांहून अधिक बोलते ती शिवण. जॅकेट दुकानातच उलटे करावे. जेथे जेथे सुई गेली आहे तेथे तेथे आतून पारदर्शक वा करड्या रंगाची पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांद्यावर आहे आणि काखेत नाही, किंवा टोपीच्या जोडावर ती मध्येच संपली आहे, असे आढळल्यास चिठ्ठी काहीही म्हणो, ते जॅकेट रिमझिमीपुरतेच. दुसरी खातरजमा याहून सोपी आहे: कापड ओठांशी धरून जोराने फुंकावे; श्वास पलीकडे सहज गेला तर तो विंडचीटर समजावा, रेनकोट नव्हे.

आता स्त्रियांच्या मापाचा मामला, आणि येथे उत्पादकांविषयी फारसे चांगले बोलणे कठीण आहे. पुरुषांचेच जॅकेट कमरेत आवळून, एक खिसा कमी करून आणि रंग गुलाबी करून स्त्रियांच्या दालनात टांगण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. कमरेत आवळलेल्या जॅकेटात हवा खेळत नाही, हे तर झालेच. शिवाय छातीशी आणि नितंबांशी ते ताणले जाते, आणि दुचाकीवर बसताच खालची कड वर सरकून पाठ उघडी पडते. म्हणून माप आरशासमोर ताठ उभे राहून घेऊ नये. आत नेहमीचा कुर्ता असावा, खांद्यावर नेहमीची सॅक असावी, आणि खुर्चीवर बसून, पुढे वाकून, लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करून पाहावे. हात वर केल्यावर बाही मनगटापासून चार बोटे मागे गेली, तर पाऊस कोपरापर्यंत आत उतरणार हे नक्की. मनगटाशी वेल्क्रोची पट्टी असली तर तो बराच अडतो.

लांबीचा निर्णय पोशाखावर ठेवावा. ट्रेकला झटपट वाळणारी पँट घालणारीस कमरेखाली थोडे उतरणारे जॅकेट सोयीचे; परंतु कामावर सलवार-कमीज घालून जाणारीस तेच जॅकेट घातक, कारण त्याच्या कडेवरून निथळणारे सारे पाणी कुर्त्याच्या घेरावर पडते आणि सुती कापड ते वर ओढून घेते, इतके की पाऊणएक तासात कंबरेपर्यंत ओल चढते. तिने मांडीच्या मध्यापर्यंत येणारे, खालून चेन उघडणारे जॅकेट घ्यावे आणि त्याखाली पावसाळी पँटही चढवावी.

टोपीकडे मात्र कोणी बघत नाही. अंबाडा घालणारीने टोपी अंबाड्यासकट चढवून मान दोन्हीकडे वळवून पाहावी; टोपी मानेबरोबर न वळता डोळ्यांवर आली, तर रस्ता ओलांडताना तो धोकाच. वेणी बाहेर काढून ठेवण्याची सवय तर पावसात सर्वस्वी सोडावी, कारण वेणीच्या टोकापासून पाणी केसांच्या आधाराने मानेकडे वर चढते आणि बंद कॉलरच्या आत, थेट पाठीवर उतरते. मग जॅकेट गळते अशी तक्रार दुकानात जाते. दुचाकीस्वार स्त्रीने टोपी हेल्मेटच्या खाली बसते की नाही हे हेल्मेट घेऊनच तपासावे. न बसल्यास, सुटी करून काढता येणारी टोपी बरी.

खोबरेल तेलाचा येथे अनपेक्षित संबंध येतो. जॅकेटाच्या बाह्य कापडावर थेंब मोत्यासारखे घरंगळावेत म्हणून एक रासायनिक लेप दिलेला असतो. हा लेप बराच काळ फ्लोरिनयुक्त रसायनांचा असे. परंतु ती निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. त्यांपैकी एका रसायनसमूहाचा 2019 साली स्टॉकहोम करारात अंतर्भाव झाला, आणि कॅलिफोर्निया राज्याने 2025 पासून अशी रसायने असलेल्या नव्या कपड्यांच्या विक्रीला, काही अपवाद ठेवून, मनाई केली. त्यांच्या जागी आलेले लेप पाण्याला हटवतात, पण तेलापुढे हतबल ठरतात. म्हणून तेल लावलेल्या केसांचा स्पर्श जेथे होतो ती टोपी आणि कॉलर सर्वांआधी पाणी धरू लागतात. बाहेरचे कापड असे भिजलेले दिसले म्हणजे जॅकेट फुटले असे नव्हे, आतले पटल शाबूत असते. मात्र वाफेची उरलीसुरली वाट तेवढी बंद होते. उपाय म्हणजे धुणे. द्रवरूप सौम्य साबण, कोमट पाणी, भरपूर खळबळणे. कपडे मऊ करणारे द्रव्य कटाक्षाने वर्ज्य. वाळल्यावर, कापडावरील सूचनेने मुभा दिली असेल तर, वर पातळ फडके घालून अगदी मंद इस्त्री फिरवली की लेप पुन्हा काहीसा कामाला लागतो.

स्वतःच्याच खिशात दुमडून मावण्याची सोय प्रवासापुरती वापरावी. स्वस्त जॅकेटाच्या आतील पॉलियुरेथेनचा लेप दमट कपाटात, ओलसर घडीत राहिला, की हळूहळू विघटित होऊन चिकट होतो आणि त्याला बुरशीचा कुबट वास येतो. तेव्हा पाऊस सरल्यावर जॅकेट पूर्ण वाळवून, सैलसर टांगून ठेवावे. शिवणीवरची पट्टी एखाद्या ठिकाणी सुटली, तर उष्णतेने चिकटणारी नवी पट्टी बसवून काम भागते. लेपाचेच पापुद्रे सुटू लागले असतील, तर दुरुस्तीवर पैसा खर्चू नये. ते जॅकेट मोरीवरच्या कपड्यांच्या दोरीला आडोसा म्हणून बांधावे आणि नवे घ्यावे.