वाटीभर शेवया म्हणजे किती?

उन्हाळा लागला की आमच्या निलंग्यात गच्चीगच्चीवर शेवया वाळत पडतात. वर्षाची बेगमी ती! पण याच शेवयांनी यंदा माझी चांगलीच फजिती केली.

त्याचं असं झालं. नणंदेचं डोहाळजेवण होतं. खिरीची कृती कात्रणातली : तीन लिटर दूध, ३०० ग्रॅम शेवया. घरात काटा नाही. वाटी म्हणजे साधारण १०० ग्रॅम, असं धरून तीन वाट्या शेवया तुपावर परतल्या. पंगत बसली आणि पाहते तो काय, खिरीत नुसतं दूध! सासूबाई चारचौघींत काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र म्हणाल्या, "अगं, शेवया वाटीत फुगून बसतेत. साखरेसारख्या दडपून बसतेत का त्या?"

मी शाळेत मुलांना वजन आणि आकारमान यातला फरक शिकवते आणि घरात मात्र विसरले! दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन वाण्याचं दुकान गाठलं. वाटीत पाणी मावलं १५० ग्रॅम, म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. मग एकेक जिन्नस सपाट भरून तोलला. सुमारे असे भरले :

साखर – १३० ग्रॅम
तांदूळ – १२५ ग्रॅम
रवा – १०५ ग्रॅम
कणीक – ८० ग्रॅम
मॅकरोनी – ६५ ग्रॅम
चुरलेल्या शेवया – ५५ ग्रॅम
अख्ख्या शेवया – ३० ग्रॅम

म्हणजे माझ्या तीन वाट्या जेमतेम ९० ग्रॅम! दहा वाट्या हव्या होत्या.

तुमची वाटी माझ्याएवढीच असेल असं नाही. काटा नसेल तर वजन छापलेलं पाकीट आणा आणि त्यात किती वाट्या भरतात ते मोजा. २०० ग्रॅमच्या पाकिटात चार वाट्या भरल्या, तर वाटी ५० ग्रॅमची. हा आकडा डब्यावर चिकटवून ठेवा. आणखी एक : कृतीतलं वजन बहुधा कोरड्या जिनसाचं असतं. मॅकरोनी शिजल्यावर वजनाने दुपटीच्या आसपास जाते.

आपल्या आज्यांचा व्यवहार मापावरच चाले. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून किलो-ग्रॅम आले, १९६२ साली ते सक्तीचे झाले. पण स्वयंपाकघरात माप राहिलंच.

हे सारं मी शेजारच्या मावशींना सांगितलं. त्या हातशेवया करून विकतात, तेही डब्याने. अख्ख्यांचा भाव जास्त, चुऱ्याचा निम्मा. आम्ही दोन्ही डबे तोलले. चुऱ्याचा डबा जवळजवळ दुप्पट जड! मावशी डबा हातात धरून बसून राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं दुप्पट माल निम्म्या पैशात देत आले की गं मी!" गहू, मीठ, मेहनत दोन्हीला सारखीच लागलेली.

पुढच्याच आठवड्यात मावशींनी छोटा काटा घेतला. आता किलोचा भाव ठरलाय; चुऱ्याला थोडा कमी, पण निम्मा नाही.

आणि परवा बारशाला खीर मीच केली. शेवया तोलून, बरं का! सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.