वळिवड्याची थडगी आणि आपली दप्तरे

गांधीनगरच्या बाजारपेठेत कापड खरेदी करणाऱ्या ग्राहकाला, आपण एकेकाळच्या एका परक्या वसाहतीत उभे आहोत, याची सहसा कल्पना नसते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरलगतच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, इराणमार्गे येथवर पोहोचली. छावणी उठली आणि त्याच जागी फाळणीने विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे आली. एका निर्वासिताने रिकामे केलेले घर दुसऱ्या निर्वासिताला मिळाले.

जे जगले ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे जगभर विखुरले. जे येथे वारले ते कोल्हापूरच्या मातीतच राहिले. त्यांचे वंशज आजही आपल्या माणसाचे थडगे शोधीत येथे येतात. या शोधात पहिली अडचण येते ती नावाची. पोलिश रिवाजानुसार अनेक आडनावे पुरुषाच्या बाबतीत 'स्की' आणि स्त्रीच्या बाबतीत 'स्का' अशी संपतात; म्हणजे मुलाच्या आडनावाने शोधल्यास आई सापडत नाही. त्यात परकी नावे कानाला ऐकू येतील तशी लिहिली गेली, तर एकाच घराण्याची चार रूपे व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी नावापेक्षा मृत्यूची तारीख आणि वय हेच अधिक विश्वासाचे वाटाडे ठरतात. दगडावरील अक्षर झिजते. वहीतील ओळ मात्र, वही टिकली तर, टिकते.

हे दुःख कोल्हापूरला अपरिचित नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी या संस्थानचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. त्या शहराने आपल्या राजाची आठवण जपली, तशी आपण वळिवड्याच्या सामान्य निर्वासिताची जपावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. राजाला स्मारक मिळते, सामान्य माणसाला नोंदवहीतील एक ओळ मिळते, एवढाच काय तो फरक.

ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यातील आपल्या लोकांच्या दफननोंदींच्या प्रती लंडनला धाडल्या. त्या तेथे आजही पाहता येतात. निर्वासिताच्या पाठीशी असे साम्राज्य नसते. त्याची सारी भिस्त स्थानिक कारकुनाच्या हस्ताक्षरावर आणि कपाटातील वाळवीच्या दयेवर असते.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांचा अभ्यास करून जॉन ग्राउंट याने १६६२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला गेला. दफनाच्या नोंदींतून साथी समजतात, बालमृत्यू समजतात, धान्याच्या महागाईचे खरे परिणाम समजतात. तथापि अशा दप्तराचा लाभ पुष्कळांत थोडाथोडा वाटला जातो आणि त्याच्या जतनाचा खर्च मात्र कोणा एकालाच सोसावा लागतो. म्हणूनच तो कोणीच करीत नाही. अर्थशास्त्रात सार्वजनिक हिताच्या वस्तूचे जे लक्षण सांगतात, ते येथे तंतोतंत लागू पडते. शिवाय परदेशातून थडगे शोधत येणाऱ्याला येथे मत नसते.

करावयाचे काम मोठे नाही. दफनभूमीचा क्रमांकवार नकाशा काढावा. चर्चच्या व नगरपालिकेच्या जुन्या वह्यांची पानन् पान छायाचित्रे घ्यावीत. आणि नाव, तारीख व वय अशा तिन्ही अंगांनी सूची करावी. इतिहास व अर्थशास्त्राचे महाविद्यालयीन विद्यार्थी दोन-तीन सुट्यांत हे काम पार पाडू शकतील. वह्या कोणाच्या ताब्यात आहेत, हा वाद नंतर घालता येईल; कागद तोवर थांबणार नाही.

त्र्यंबकेश्वरी गेल्यावर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे नाव आढळले की आपला ऊर भरून येतो. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एखाद्या वृद्धेला कोल्हापुरात आईच्या नावाची ओळ सापडली, तर तिचा ऊर तसाच भरून येणार नाही काय? ती ओळ तिच्या हाती देणे, हे आपल्या आतिथ्याचे अपुरे राहिलेले शेवटचे कर्तव्य आहे.